पान सत्तेचाळीस

डिसेंबरात माझ्या खोलीत लिहिता येत नाही.
खिडकीसमोर चार एकर पथारी,
मिरची पसरलेली थेट रेल्वेच्या कुंपणापर्यंत,
आणि वारा सुटला की
मी, टेबल, भिंतीवरची पाल, सगळे शिंकतो.
सुरतकडे जाणारी पॅसेंजरसुद्धा
नंदुरबार सोडताना खिडक्या लावून घेते.

म्हणून वाचनालयात जाऊन बसतो.
सुपडू आण्णा दार उघडतात साडेनऊला,
नाही तर दहाला,
नाही तर त्यांच्या म्हशीच्या मर्जीनं.
कपाटांना कुलपं नाहीत.
वाळवीला कुठे किल्ली लागते, म्हणतात.

एका दुपारी कुणी नसताना
मी माझंच पुस्तक शोधलं.
(सगळेच शोधतात. कबूल कुणी करत नाही.)
खालच्या कप्प्यात होतं,
लोणची-मुरंबे आणि गुरांचे आजार यांच्या मधोमध,
बासष्ट पानांचं, अंग चोरून.
मागच्या चिठ्ठीवर अकरा वर्षांत तीन शिक्के,
तिन्हींपुढे एकच क्रमांक, दोनशे सहा.
आणि पान सत्तेचाळीसवर, समासात,
एक लाल अंगठा.
शिवणीच्या बेचक्यात मिरचीचं बी,
चपटं, पिवळं,
पूर्णविरामापेक्षा जरा मोठं.

"दोनशे सहा? कौतिकबाई," आण्णा म्हणाले,
"तुमच्या समोरच्याच पथारीवर देठ खुडते."

म्हणजे इतकी वर्षं
ती माझ्या खिडकीखाली बसत होती
आणि मी शिंकत होतो.

माझे वडील दोंडाईच्याला सायकली दुरुस्त करत.
दुकानाच्या पत्र्याला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.
हवा भरता भरता ते त्यातली एक गोष्ट वाचत,
जिचा शेवट दुसऱ्या कागदाखाली
खळीनं बंद झाला होता.
बावीस वर्षं तीच अर्धी गोष्ट.
कधी पापुद्रा सोलून पाहिला नाही.
विचारलं तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. रोज नवा शेवट सुचस."
पत्रा भंगारात गेला तेव्हा मी पुण्याला, परीक्षेत.
कुठल्या विषयाच्या, तेही आता आठवत नाही.

कौतिकबाईला शेवटी गाठलंच.
डोक्याला फडकं, तोंडाला फडकं,
मधल्या फटीत दोन डोळे.
तीन वेळा का नेलं?
"बारीक व्हतं. डबानी पिशवीमा बसस."
मी हसलो, निघालो.
मागून म्हणाली, "आन तठे एक चुकी शे."

सत्तेचाळीसवर मी लिहिलं होतं,
उन्हात निजली आहे लाल मिरची.

"मिरची निजस नही, भाऊ.
तिले रोज उलथनी पडस.
निजनी का सडनी."

ते पान एका कोपऱ्यात फुगलेलं होतं,
थेंब पडून वाळल्यासारखं.
म्हणून निर्लज्जपणे तेही विचारलं.
तिनं हातातला देठ मोडला.
"रडनू नही मी. मिर्ची व्हती हातले."

गेल्या शनिवारी रात्री अवेळी ढग आले.
पथारीवर बॅटऱ्या धावू लागल्या.
मीही गेलो, ताडपत्रीचं एक टोक धरलं,
दुसरं कोण ओढतंय ते अंधारात दिसत नव्हतं.
चार थेंब पडले. तेवढेच.
मग वारा फिरला, सातपुड्यावर लांब कुठेतरी
वीज दोनदा चमकली आणि विसरून गेली.

खोलीवर येऊन पुस्तक उघडलं,
आणि चुकून डोळ्याला हात लागला.
बराच वेळ
दिवा, अक्षरं, तो अंगठा, सगळं एकात एक.
शेजारच्या मुलानं दारातून विचारलं,
काय झालं काका?
त्याला काय सांगणार.

सकाळी पेन्सिलीनं ती ओळ खोडली.
तिच्या जागी अजून काही सुचलेलं नाही.
बी होतं तिथेच ठेवलं.
आण्णांनी चिठ्ठीवर शिक्का मारला, फुंकर घातली.
आता चार आहेत.
चौथा माझा.