आठ भोकं

सँडरच्या चकतीला आठ भोकं असतात.
सोळा वर्षं मी ती बघत आलो
आणि समजत आलो, कंपनीवाले कागद वाचवतात,
तेवढाच.

अजमानच्या सनैयात, टायरवाल्याच्या पाठीमागे आमची शेड.
पत्रा तापला की कडकड बोलतो.
दरवाजे घासतो आम्ही. साग, मेरांती, कधी अक्रोड,
नाहीतर एमडीएफ, ज्याला झाडाचा वासही नाही,
नुसतं पीठ, नाकातच मळलं जाणारं.

संध्याकाळी सगळे एका घरचे दिसायचो.
पेशावरचा गुलबाज, कुमिल्लाचा शफीउल,
शृंगारतळीचा मी, कमाल बामणे.
पापण्या पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
डब्याच्या झाकणावर बोटाने नाव लिहून घ्यावं.
बाहेरची धूळ अल्लाची, गुलबाज म्हणायचा,
आतली आपल्या हाताची.
दोन्ही खायच्या.

यंत्र आलं ते आमच्यासाठी नव्हे.
खोर फक्कानच्या एका गिऱ्हाइकाने अकरा दारं परत पाठवली.
पॉलिशवर तळहात फिरवला म्हणे, आणि हात झटकला,
बेडकाची पाठ लागावी तसा.
आमचीच धूळ, ओल्या पॉलिशवर बसलेली.
दारं वाचावीत म्हणून जोजप्पन फोरमनने यंत्र आणलं.
छाती हा त्याच्या हिशेबातला रकाना नव्हता.

पोट सुटलेला करडा डबा, त्याला वाम माशासारखा लांब पाईप.
जोजप्पनने माझी चकती काढली,
पुन्हा लावली, भोकावर भोक.
बटण दाबलं.

आणि लाकूड दिसलं.
म्हणजे घासताना दिसलं, घासून पुसल्यावर नव्हे.
गोल गोल ओरखडे, पेन्सिलची राहिलेली खूण,
एका गाठीभोवती वळसा घेऊन गेलेली शीर.
दहा मिनिटांत मरणारा कागद
दुपारच्या जेवणापर्यंत चावत राहिला.

पाच वाजता झाडायला काही नव्हतं.
त्या अर्ध्या तासाचं काय करायचं कुणालाच कळेना.
गुलबाज झाडू हातात धरून उभा.
मी घरी फोन लावला.
मैमूना बराच वेळ ऐकत राहिली, मग घाबरून म्हणाली,
एवढं बोललात, एकदाही खोकला नाही.
बरं नाही का तुम्हाला?

शनिवारी पिशवी सोडली.
खिळे तोलायच्या काट्यावर ठेवली, सहज, गंमत म्हणून.
नऊ किलो.
एका सँडरची, एका आठवड्याची.

दाराच्या मागल्या अंगाला पेन्सिलने मी गुणाकार केला.
नऊ गुणिले पन्नास. गुणिले सोळा.
सात हजार दोनशे.
बरीचशी झाडूने गेली, कबूल.
पण झाडूत येते ती जाडी.
जी झाडूला सापडत नाही, ती कुठे ठेवली आम्ही?
शफीउल आकड्याकडे बघत राहिला.
त्याचा थोरला भाऊ याच टेबलावर होता,
दोन वर्षांपूर्वी गावी गेला, दोन उशा लावून झोपतो.
मी तो आकडा घासून काढला.
तोही पाईपातून गेला.

आता महाडचा एक पोरगा आलाय, तौसीफ.
चकती वाकडी चिकटवतो, मास्क हनुवटीला लटकवतो.
भोकं कशाला, चाचा?
मी त्याला सांगत नाही, वर बघायला लावतो.
पत्र्याला खिळ्याचं एक जुनं भोक आहे.
सकाळी तिथून उन्हाची काठी आत यायची,
तिरपी, भरीव, हाताला लागेल अशी.
सोळा वर्षं मला वाटलं, ऊन तसंच असतं.

आता काठी नाही.
नुसता जमिनीवर एक दिरहम पडलेला असतो, चकचकीत,
आणि मधली हवा
रिकामी.