नारिंगी जर्सीची पावती

कालामाच्या पल्याड, वाळवंटात,
जिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट आहे,
तांब्याच्या खाणीच्या कोठारात मी बसतो,
जाळीच्या खिडकीमागे, एकोणीस वर्षं.
माझ्याकडे कपडे मिळतात, आगीच्या मापाचे.

छाती-कंबर नंतर. आधी विचारतो, कॅलरी किती?
जेवणातली नव्हे. चौरस सेंटिमीटरवर किती पडेल, ती.
सव्वाला कातडीवर फोड येतो.
पुढे आकडा वाढत जातो
आणि माणूस कमी होत जातो.

येसेनिया कोल्के सोमवारी सातला आली,
नवी इलेक्ट्रिशियन, हनुवटी जेमतेम फळीला टेकलेली.
"चार नंबरचं स्विचगिअर. लेबलवर अकरा लिहिलंय."
मागून मुकादम ओस्वाल्दो: "बाराचा दे. उरकू दे."
मी बाराचा काढलाही,
धुऊन धुऊन मऊ झालेला, सगळ्यांचा लाडका.

ती हलेना. म्हणाली,
लेबलवरची तारीख जुनी आहे,
ट्रान्सफॉर्मर त्यानंतर बदललाय.
ओस्वाल्दोने घड्याळाकडे पाहिलं.
मी खाली पाहिलं.
एकोणीस वर्षांत मी आकडा विचारत आलो,
आकड्याचं वय कधी विचारलं नाही.

इंजिनिअरबाई दुपारपर्यंत हिशोब करत बसल्या:
ब्रेकर तुटायला किती वेळ घेतो,
माणूस किती जवळ उभा असतो.
उत्तर आलं, एकतीस.
बाराचा अजून फळीवरच होता
बाह्या पसरून,
जणू कुणाला कवेत घ्यायला.

मग चाळीसचा. राखाडी, गोधडीसारखा.
आत शिरलं की जग हिरवट दिसतं
आणि आपलाच श्वास कानाशी येऊन बसतो.
माझ्याकडचा सगळ्यात लहानही
तिच्या पायात घोळत होता.
"दुमडते," ती म्हणाली.
"पाय अडकून पडशील, तेही तिथे," मी म्हणालो,
आणि आंतोफागास्ताला फोन लावला.
लहान माप गुरुवारी येणार.
ओस्वाल्दो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गुरुवारी रबरी हातमोजे मनगटाकडून गुंडाळत नेले,
कोंडलेली हवा गालाशी धरली.
अंगठ्यातून बारीकशी झुळूक.
कात्रीने तो जोडच कापून टाकला,
कुणी दया येऊन परत फळीवर ठेवू नये म्हणून.
दुसरा जोड. त्यावर चामड्याचे.

आणि मग तिच्या गळ्याशी दिसली
नारिंगी कड.
"वडिलांची जर्सी. पहिल्या कामाला घालते. नशिबाची."
नायलॉन.

मी तिला एवारिस्तोची गोष्ट सांगितली.
त्याचा सूट जळला नव्हता. उष्णता तेवढी आत गेली,
सूट एक पायरी कमी होता म्हणून,
आणि आतली जर्सी पाघळली.
तो अजून जिवंत आहे. समुद्रावर येतो आमच्याबरोबर,
पण शर्ट काढत नाही.
पाठीवर नऊ आकडा आहे, उलटा-सुलटा नाही,
नीट वाचता येतो.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "वीज बंदच केली तर हे सगळं कशाला?"
शाबास. तोच सगळ्यात चांगला कपडा,
फक्त माझ्या कोठारात नाही मिळत.
बंद करायचीच आहे, कुलूपही लावायचं आहे.
पण खरोखर बंद झाली का,
हे बघायला कुणीतरी पहिलं जातं.
त्या कुणीतरीला चाळीसचा लागतो.

कपाटाआड जाऊन ती सुती बनियनवर आली,
जर्सी चौघडी घालून खिडकीतून सरकवली.
अजून उबदार होती.

माझ्या वहीत 'दिले' एवढाच रकाना आहे.
समासात लिहिलं:
घेतली, जर्सी एक, नारिंगी, पुरुषी माप,
काखेत उसवलेली.
आज संध्याकाळी परत द्यायची आहे.