फेरी चौदावी

शर्यतीच्या जुन्या नोंदवहीत त्याच्यापुढे एक ओळ आहे:
तुल्लिओ ब्रागादिन, फेरी चौदावी, गिअरबॉक्स, बाद.
खोटं काहीच नाही त्यात.
उरलेलं आमच्या स्वयंपाकघरात घडलं.

आर्देनच्या डोंगरात तीन गावांना जोडणारे तीन रस्ते,
एरवी दुधाच्या कॅनचे, शेणाचे, शवयात्रेचे.
जूनमधल्या एका रविवारी त्यांचीच शर्यत व्हायची.
पहाटेच गाई कोंडायच्या,
पुढच्या दाराला अडसर घालायचा,
आणि पाद्रीबुवासुद्धा झगा सावरत
मागच्या खिडकीतून उतरून प्रार्थनेला जायचे.
आमच्या भिंतीला पेंढ्या टेकवून
संयोजकांचा माणूस म्हणायचा,
‘काळजी नको, मादाम ओदील.’
पेंढ्या गेल्या वर्षीच्याच. कुजक्या.

मी नऊ वर्षांचा, माळ्यावरच्या झरोक्याशी.
लाल गाडी वळणावर आली ती आवाज न करता.
घरंगळत, घरंगळत,
दमलेली गाय गोठ्याला टेकते तशी
भिंतीला टेकली.

आत आला तो तेलाने काळा,
डोळ्यांभोवती चष्म्याचे दोन पांढरे गोल,
थेट घुबड. मी हसलो.
आईने डोळे वटारले.
त्याने खुणेनेच पाणी मागितलं, हात धुतले,
पण हात काही थांबेनात.
चाक सुटलं होतं, थरथर सुटली नव्हती.
आईने ते पाहिलं
आणि बटाट्यांची पाटी पुढे सरकवली. वर सुरी.

तो बसला.
बसला तो नेमका वडिलांच्या खुर्चीत.
सहा वर्षं तिच्यावर मांजरसुद्धा चढलं नव्हतं.
आई काही बोलली नाही,
मग मी कोण बोलणारा?

बाहेरून गाडी गेली की फडताळातल्या बशा वाजायच्या.
मान वर न करता तो म्हणायचा, ‘वेर्कामेन.’
साल सोलत सोलत, ‘ऑस्बर्न.’
मग जरा हळू, घरातल्या माणसाचं घ्यावं तसं,
‘रिनाल्दो.’
मी झरोक्याकडे धावत जाऊन नंबर ताडून पाहिले.
एकही चुकला नाही.

सतराव्या फेरीला वेर्कामेन गेला. ऑस्बर्न गेला.
मग बशा गप्प.

सुरी बटाट्याच्या पोटावर थांबली,
साल अर्धवट लोंबत राहिली.
त्याचे ओठ हलत होते:
आकडे इटालियन,
पण मोजणं आईच्या ओळखीचं.
कामावर गेलेल्या माणसाला जर्मनांनी रस्त्यातूनच उचललं तेव्हापासून
ती एका सायकलीचा आवाज मोजत होती,
मागच्या चाकाची एक तार सुटलेली,
खट्, खट्,
चढावर जरा सावकाश.

तिने ओला हात त्याच्या मनगटावर ठेवला.
धीर वगैरे नव्हता तो.
मोजता मोजता दोघं एका आकड्यावर आली, इतकंच.

आणि मग आला,
लंगडत, खोकत, एक सिलिंडर गमावून,
बशांनी दखलही घेतली नाही असा आवाज.
‘रिनाल्दो,’ तो म्हणाला,
आणि पुन्हा सोलू लागला, इतका मन लावून
की त्या बटाट्याची शेवटी गोटी झाली.

रिनाल्दो सातवा आला. कुणाच्या लक्षात राहणार?
ब्रागादिनने दोन वाडगे सूप घेतलं,
वरून मीठ मागितलं,
माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला
आणि ट्रकमध्ये गाडीशेजारी बसून गेला.
पुन्हा कधी आमच्या रस्त्याला आला नाही.

आता वळणावर गोल चौक आहे, मध्ये फुलं लावलीत.
लाकडाचे ट्रक जातात, मी आवाजावरून ओळखतो
कुठला भरलेला, कुठला रिकामा.

पण त्या रविवारची रात्र सांगायची राहिली.
भांडी घासून झाल्यावर आई खुर्चीपाशी थांबली,
सीटवर तेलाचा काळा डाग होता.
तिने तो फडक्याने एकदाच पुसला, नीट गेलाही नाही,
आणि खाली बसून
बुटांच्या नाड्या सोडू लागली.