इन्व्हेंटरी, केपें

वकील फुर्तादबाईंच्या खोलीतला पंखा
प्रत्येक फेरीला एकदा अडखळतो.
टेबलावर पप्पांची जमीन:
सर्व्हे नंबर एकशे चार, पोटहिस्सा सात,
चाळीस काजू, एक विहीर,
जांभ्याचा गडगा, अर्धा ढासळलेला.

उदेंद्र पर्थहून, फोनच्या चौकटीत.
त्याच्या पाठीमागे, कुंपणापलीकडे
काहीतरी करडे उडी घेऊन जाते.
"तुझी माणसे," तो हसून म्हणतो.
कारण मी ताळगावच्या पठारावर दिवसभर
वॉलबीच्या जनुकांच्या ओळी एकाखाली एक लावते,
पप्पा कचेरीत नकाशे लावायचे तशा,
कडा जुळतात का बघत.

अर्धे त्याला, अर्धे मला.
इथल्या कायद्यात मुलगा-मुलगी एकाच रकान्यात.
पण पप्पांनी त्याच्या कितीतरी आधी
न बोलता एक वाटणी केली होती:
त्याला वाय, मला एक्स.

वाय म्हणजे झिजत गेलेली जमीन, उदेंद्र.
एके काळी दोन्ही सारख्याच होत्या.
वॉलबीचा तर एवढासा, नावापुरता,
तरी त्याने एक जुने जनुक सांभाळलेय
जे आपल्या वायने केव्हाच घालवले.
उलट आपल्या एक्सला मागाहून एक पट्टा जोडला गेला;
तिच्याकडे तो अजून परक्याच सर्व्हे नंबरात.
फेरफार कधी झाला, सही कुणाची,
नोंद नाही.

आणि हे तुला कधी सांगितले नव्हते:
वॉलबीच्या लेकीत
बापाचा एक्स गप्प असतो.
आईचा बोलतो; बापाचा मिटलेला,
कानात, शेपटीत, पिशवीच्या आतल्या कातड्यात.
नेमका बापाचाच. दर पिढीला.
पूर्ण नाही म्हणा, कुठे कुठे पाझरतो.

ते वाचले त्या रात्री पप्पा डोळ्यांसमोर आले,
मोजणीच्या साखळीच्या कड्या मोजाव्यात
तसे घास मोजत जेवणारे.
मी पहिली आले त्या दिवशी
"बरें" म्हणाले, आणि ताकाची वाटी पुढे सरकवली.

माझ्यात तसे नाही.
माणसाच्या मुलीत पेशी-पेशीला नाणे उडते,
गर्भातच, पहिल्या काही दिवसांत.
कुठे आई मिटते, कुठे बाप.
म्हणजे कुठल्यातरी ठिगळात
ते अजून चालू आहेत,
कोपरापाशी, किंवा डाव्या पापणीत.
कुठे ते विचारू नकोस.
मी सूक्ष्मदर्शक स्वतःवर धरलेला नाही.

"विहिरीचे काय?" उदेंद्र विचारतो.
फुर्तादबाई चष्मा कपाळावर सारतात:
"विहीर कापत नाहीत, बाबा. दोघांच्या नावावर."
आपल्या एक्स आणि वायच्या टोकाला
असाच एक तुकडा आहे, सामायिक.
वॉलबीकडे तोही उरला नाही.
हे मात्र मी बोलत नाही,
पर्थला पाच वाजून गेलेत.

मी सही करते.
पेन पप्पांचेच.
शाई जरा थांबून येते.