दोन ब्रेकची गाडी

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या.
नदाफ मोटर ट्रेनिंग, मार्केट यार्डाच्या मागच्या गेटसमोर.
हळदीची पोती उतरतात तेव्हा काचेवर पिवळा थर बसतो,
वायपर शिकवायला पाऊस लागत नाही.

मूमल तलरेजा आली ती पिशवी घेऊन.
पिशवीत फाइल, फाइलीत आणखी एक फाइल.
"हिरव्या पासपोर्टावर लायसन्स निघतं का?"
सुटे नसताना बायका दुकानदाराला विचारतात, तशा आवाजात.
माहेर-सासर दोन्ही घोटकी जिल्ह्यात, सिंधमध्ये.
सांगलीत आठ वर्षं. नवऱ्याचं गाऊनचं होलसेल,
बाजाराच्या दिवशी तासगाव, विटा, टेम्पो भाड्याचा.
नागरिकत्वाचा अर्ज पुढं गेलाय.
पुढं म्हणजे कुठं?
पुढं.

मी म्हटलं, क्लच सोडताना घाई करायची नाही.

आरटीओतल्या बोरगावेंनी पासपोर्ट उलटून पाहिला,
फाटकी नोट पाहावी तसा.
कॉम्प्युटरात तिचा देश होता
पण त्याच्यापुढचं बटण दबत नव्हतं.
विश्रामबागेतून पत्र आणा म्हणाले, परकीय शाखेचं.
पत्र आलं तोवर शिकाऊ लायसन्सचे सहा महिने संपले.
नवं काढलं. पुन्हा तेच प्रश्न:
पिवळा दिवा लागल्यावर काय कराल?
थांबेन, तिनं लिहिलं.
बरोबर.

माझ्या नावामुळं मलाही कधी कधी
साइड दिली नाही की कुणीतरी खिडकीतून
तिकडचा रस्ता दाखवतं.
म्हणून एकदा तिलाच विचारलं, कसा आहे हो तो रस्ता?
"उसाचा," म्हणाली. "दोन्ही बाजूला ऊस.
पुढं साखर कारखाना. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या,
आणि मागं दिवा नाही."
मी हसलो. तीही.
समोर तेव्हा तसलीच ट्रॉली डुलत चालली होती.

रोज अंकलीच्या पुलापर्यंत जायचो आणि वळायचो.
पलीकडं कोल्हापूर जिल्हा.
तिच्या कागदावर फक्त सांगली.
तीस वर्षं मी त्या पुलावरून गेलोय,
भडंग आणायला, मयतीला, बहिणीच्या घरी,
तिथं हद्द आहे हे तिनं शिकवलं.

टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टर म्हणाले, नदाफ, तुम्ही उतरा.
मी बाभळीखाली उभा.
ती रिव्हर्स घेत होती तेव्हा
माझा उजवा पाय मातीत काहीतरी दाबत होता.
नंतर पाहिलं तर तिथं खळगा.

कार्ड पोस्टानं आलं.
पेढे घेऊन आली, सोबत मुलगा,
तो माझ्याशी अस्सल सांगलीचं बोलला:
"काका, आईला आता हॉर्न लई वाजवू नको म्हणून सांगा की."
तिनं कार्ड दोन्ही बाजूंनी दाखवलं.
नाव, नवऱ्याचं नाव, रक्तगट बी पॉझिटिव्ह,
पत्ता गल्ली नंबरसकट.
देशाचा रकानाच नाही.
खाली बारीक अक्षरात: संपूर्ण भारतात वैध.
ते तिनं बोटानं पुसून पाहिलं.

"एक फेरी मारूया," म्हणाली, "फी वेगळी देते."
फी घेतली नाही.
मी दोन्ही पाय मागं घेऊन बसलो.
हळदीचा वास, मग उघडा रस्ता, मग नदीचा गारवा.
चौथा गिअर तिनं पहिल्यांदाच न सांगता टाकला.

पुलाच्या तोंडाशी वेग कमी झाला.
ब्रेक तिचाच होता, माझा नाही.
मागून एसटीनं हॉर्न दिला.
पलीकडून उसाची गाडी येत होती, तिला डिपर दिला,
जाऊ दिलं.
मग आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा,
आणि एवढ्याशा जागेत, एकदाही रिव्हर्स न घेता,
एका दमात गाडी वळवली.

एवढ्या कमी जागेत वळायला
मी शिकवलं नव्हतं.