शून्य पत्ता

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, लिलावघराच्या मागच्या खोलीत
मर्यूननं जुन्या काट्याची वायर नव्या संगणकात खोचली
तेव्हा साडेसहा वाजले होते. बाहेर धुकं,
आणि बर्फातले कॉड अजून कुणाचेच झाले नव्हते.
मी फावड्यानं बर्फ ओढत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

आधी वीज जाते, म्हणाली ती, मग प्रश्न.
तारेतून येणारा प्रत्येकजण क्षणभर
शून्य पत्त्यावर उभा असतो,
माऊस असो, कॅमेरा असो,
की एकोणीस वर्षं मासे तोललेला काटा.
संगणक विचारतो, कोण?
तो दोन आकडे सांगतो:
एक घराण्याचा, एक स्वतःचा.
मग त्याला पत्ता मिळतो. याला मिळाला सात.

आत ड्रायव्हर बसलेले असतात,
मांडीवर आपापली यादी घेऊन.
छत्तीस गुण कुणी बघत नाही तिथे,
दोन आकडे जुळले की बोलणी सुरू.
माऊसवाल्यानं यादीवरून बोट फिरवलं, मान हलवली.
छपाईवाला म्हणाला, आमच्यात नाही.
ध्वनीवाल्यानं कानांवर हात ठेवले.
कुणी रागावलं नाही, कुणी हाकललंही नाही.
काटा सात नंबरवर तसाच उभा,
अंगात वीज, गावात पत्ता,
आणि विचारपूस करणारं कुणी नाही.

हेरगायर दारात आला, रबरी बूट ठिबकत.
"मेला का?"
"जिवंत आहे. ओळखणारं कुणी नाही."
"आईचं उलटं आहे," तो म्हणाला,
"तिला अख्खं गाव ओळखतं."
आणि थर्मासचं टोपण फिरवत राहिला.

काटा बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली.
तिची तबकडी हेरगायरच्या टेबलावर
कपाखाली होती, कॉफीच्या गोल डागांसकट.
मर्यूननं काट्याचं पोट उघडलं,
भिंग लावून चिपेवरचं नाव वाचलं.
साधीच निघाली, हजार यंत्रांत असते तशी.
एका ड्रायव्हरच्या यादीत
तिनं एक ओळ वाढवली:
हे दोन आकडेही आपले.

पण नाव यादीत असलं म्हणून कुणी लगेच घरात घेत नाही.
तेच आकडे लावून फिरणाऱ्या नकली चिपा
बाजारात पैशाला पासरी.
म्हणून ड्रायव्हर हळूच हात लावून बघतो,
एक खूण विचारतो, उत्तराची वाट बघतो.
उत्तर आलं नाही.
ड्रायव्हर मागे सरला, घेतलेलं सगळं जागच्या जागी ठेवून.
पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.
"माझी पाळी संपायला अजून वेळ आहे," हेरगायर म्हणाला.
मर्यूननं वाट बघण्याची मुदत वाढवली,
एका सेकंदाची तीन केली.
म्हाताऱ्याला श्वास तर घेऊ दे.

तिसऱ्या सेकंदाला, अगदी शेवटी,
काटा बोलला.

पडद्यावर आकडा: उणे दोन पूर्णांक चौतीस.
पाटा रिकामा होता. मी स्वतः पुसला होता.
मर्यून पुटपुटली, गणित चुकलं बहुतेक.
हेरगायर जवळ आला, चष्मा कपाळावर सरकवून.
"चुकलं नाही. पेटीचं वजन आहे ते.
शेवटी तोललं तेव्हा वजा केलेलं.
अब्सलोनची. लाकडी.
प्लास्टिकमध्ये मासा गुदमरतो म्हणायचा,
मेलेला मासा!"
हसला, मग गप्प झाला.

नसलेल्या पेटीचं वजन
कधीपासून सांभाळून बसला होता काटा,
विचारणारं कुणी भेटेपर्यंत.

धक्क्याला पहिली बोट लागत होती,
दोर फेकल्याचा आवाज आला.
"शून्य करू?"
"कर," तो म्हणाला. मग,
"थांब. आधी कुठंतरी लिहून ठेव."

तिनं त्या नव्या ओळीशेजारीच लिहिलं,
यंत्र जे वाचत नाही, अशा जागी:
अब्सलोनची पेटी, दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम.

आणि बटण दाबलं.
मी फावडं उचललं.