संख्येचा रकाना

अलाबामातलं मोबील बंदर, त्रेचाळीसचा मार्च.
नगररचना कचेरीने मला दिल्या
दोन रंगीत पेन्सिली आणि कार्डांचा गठ्ठा.
हिरवी : राखण्याजोगं. लाल : पाडण्याजोगं.
माणसांना रंग नव्हता नेमून दिलेला,
निदान कार्डावर तरी.
त्यांच्यासाठी एक रकाना, करंगळीएवढा :
संख्या.

मिस युलाली रोशाँनी दार अर्धंच उघडलं.
वर ओतीव लोखंडाचा सज्जा, त्यावर द्राक्षांचे घड,
चिमण्या फसाव्यात इतके हुबेहूब.
"घरात माणसं किती?"
"कोणत्या वेळची?" त्या म्हणाल्या,
"आणि हळू बोल, वर रात्र चाललीय."

सकाळचे दहा वाजले होते.

सात खाटा, एकवीस भाडेकरू.
गोदीला तीन पाळ्या, म्हणून गादीलाही तीन.
व्हर्ना टॅडलॉक, पाइनच्या मुलखातून आलेली वेल्डर,
रोज सकाळी एका बाईच्या उबेत शिरायची
जिला तिने कधी पाहिलं नव्हतं.
उशीखाली तिला केसांचा आकडा सापडला.
हिने बदल्यात ठेवली पेपरमिंटची गोळी.
मग आकडा, गोळी, आकडा, गोळी,
असा सगळा वसंत गेला.
जूनमध्ये एका सकाळी खाट गार लागली.
संध्याकाळपर्यंत नवी बाई आली, घोरणारी.

रंग बाजारात मिळत नव्हता. घर पापुद्रे टाकत होतं.
जेवणाच्या डब्यांतून, घोट घोट,
गोदीतून रंग आला, युद्धनौकेचा राखाडी.
सप्टेंबरात त्या घराकडे पाहून वाटायचं,
नांगर उचलला की निघेल.
मिस रोशाँ म्हणायच्या, "कसला रंग?
ढगाळलंय, इतकंच."

कार्ड मी केव्हाच हिरवं केलं होतं. सज्ज्यासाठी.

रुळांपलीकडच्या गल्लीत आमची गाडी थांबली नाही.
साहेब म्हणाले, "इथे बेल वाजवायची गरज नाही."
बेल नव्हत्याच तिथे.
पायरीवर बसून कुणी बूट झटकत होता,
बुटांतून लोखंडाचा कीस सांडत होता, चकाकत.
चौतीस कार्डं, मांडीवर, हलत्या गाडीत,
म्हणून माझी लाल रेघ जरा वाकडी.

वीस वर्षांनी बुलडोझर मात्र सरळ आला.

मग संवर्धन समिती. चहा, लिंबाचा केक, ठराव.
एका चष्मेवाल्या पोराने भिंत सुरीने खरवडली,
सात थर मोजले, त्यातल्या एकावर नाक मुरडलं :
"हा राखाडी चुकून लागलेला दिसतो."
आता घर फिकट पिवळं आहे, मूळचं.
पितळी पाटीवर कापसाचा व्यापारी,
अठराशे बावन्न.
मी समितीत होते. मीही हात वर केला होता.

अभिलेखागारात मी अजून मंगळवारी बसते.
परवा होझाया बॅटिस्ट आला, काठी टेकत,
डोक्यावरची टोपी न काढता.
"रुळांपलीकडची गल्ली, घर एकोणीस," तो म्हणाला.
"अकरा जण होतो आम्ही. दोघं पोटमाळ्यावर.
कुठे लिहिलंय का, तेवढं बघायचंय."
हातमोजे घालून मी खोका उघडला.
जपून ठेवलंय सगळं, वाळवी नाही, ओल नाही.
लाल अजून ताजा,
आणि रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात :
अंदाजे सहा.

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं,
ओठ हलवत, जणू त्या सहांची नावं घेत.
मग खिसे चाचपले.
"पेन्सिल आहे?" त्याने विचारलं.

कोणत्या रंगाची,
असं माझ्या तोंडून निघतच होतं.